भोंग्यावर मालसुक

आमच्या सोलगोल गावात भात कापायला आलं की बाईमाणूस घरात सापडायचं नाही. पहाटे विळा घेऊन बाहेर पडायचं ते दिवस मावळल्यावर घरी. म्हाताऱ्यासुद्धा पेंढ्या बांधायला जायच्या. मग मागे राहिलेली चिल्लीपिल्ली कुणी बघायची? तर मालसुकनं. गावाच्या सभागृहात ती त्यांना दिवसभर सांभाळायची. सरकारी नेमणूक नाही, काही नाही. नवरा गेलेला, मूलबाळ झालेलं नाही, म्हणून गावानंच हे काम तिच्या गळ्यात घातलं होतं. आणि घातल्यावर गावानंच तिला नावं ठेवायला सुरुवात केली.

नावं कशाला? तर ती पोरांना बसू द्यायची नाही. आमच्याकडे थंडीची चाहूल लागली की आज्या पोरांना दुपट्यात गुंडाळून चुलीनं तापवलेल्या जमिनीवर टाकून देतात, भाकरी शेकतात तशी. मालसुक मात्र सकाळी सभागृहाचं दार उघडायची आणि सगळ्यांना टेकडीवर पिटाळायची. जाड कोट काढून ठेवायला लावायची, आत दोन पातळ कपडे. पळून घाम आला की लगेच कोरड्या फडक्यानं पाठ पुसायची, घाम अंगावर वाळू द्यायची नाही. खोकला झाला तर नासपती कोरून, आत मध घालून वाफवायची. ओढ्यावर हात धुतल्याशिवाय भाताचा वाडगा नाही. शेंबूड ओढणारं पोर दिसलं की म्हणायची, "आत ओढू नकोस रे, ते काही चुकून बाहेर आलेलं नाही."

मला ती आवडायची असं म्हटलं तर खोटं होईल. जिभेला हाड नाही. एकदा भर बैठकीत मला म्हणाली, "सरपंचीणबाई, तुमची नात एवढी गुबगुबीत झालीय, तिला चालायला शिकवलंय की नुसतं लोळायला?" माझे यजमान तेव्हा सरपंच होते. सगळ्या गावासमोर असं बोलायचं? महिनाभर मी तिच्याशी धड बोलले नाही. पण नातीला पाठवत होते तिच्याकडेच. तिच्याकडची पोरं आजारी पडायची नाहीत, हे दिसत होतं ना डोळ्यांना.

आता ग्यूचोलचं सांगते. तीन वर्षांचं पोरगं, गालांवर कायम लाली. आईबाप उल्सानला कारखान्यात, पोरगा इकडे आजीजवळ. आजीचं माहेर सांगजूचं, म्हणून सगळं गाव तिला सांगजूकरीण आजीच म्हणायचं. एकुलता एक नातू, म्हातारीचा जीव की प्राण. पण त्या वर्षी थंडी पडू लागल्यापासून पोरगा रात्री अंथरूण ओलं करायला लागला.

पोरानं अंथरूण ओलं केलं की सकाळी त्याच्या डोक्यावर सूप पालथं घालायचं, हातात वाटी द्यायची आणि शेजारीपाजारी मीठ मागायला धाडायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. शेजारीण मीठ घालते, सुपावर भाताच्या पळीनं एक चापट मारते, सगळे हसतात, आणि पोर लाजून पुन्हा तसं करत नाही. आमच्या देशात ऑलिंपिक होऊन गेल्यावरच्या त्या काळात असलं कोण करत होतं? पण सांगजूकरीण आजी जुन्या वळणाची. तीन दिवस सलग, बायका शेतावर निघायच्या आत, तिनं ग्यूचोलला सूप घालून आळीत फिरवला.

तिसऱ्या दिवशी मालसुकनं त्याला रस्त्यात गाठला. मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते, सगळं ऐकलं. तिनं सूप त्याच्या डोक्यावरून काढून कुंपणावर अडकवलं आणि आजीच्या दारात जाऊन म्हणाली, "आजी, एवढ्या गारठ्यात पोराला अनवाणी दारोदार फिरवता, आणि वर मला म्हणता मी थंडीत पळवते?"

"तू मला शिकवू नकोस," आजी आतूनच ओरडली. "एक तरी पोर जन्माला घातलंस का?"

मालसुकनं ग्यूचोलचा हात धरला आणि गेली. हे बोलणं तिला किती लागलं असेल ते मला माहीत आहे, कारण ते गावात बऱ्याच जणींनी तिला याआधी ऐकवलं होतं.

दुपारी टेकडीवर पोरं पळत होती. ग्यूचोल सकाळपासून मलूल होता, ओकलाही होता एकदा. मालसुकनं त्याला झाडाखाली बसवलं होतं. बसल्या जागी त्याचे डोळे फिरले, दात आवळले, हातपाय ताठ होऊन थडथडायला लागले. माझी नात पळत खाली आली आणि "ग्यूचोल नाचतोय, त्याला थांबवता येत नाही," असं म्हणाली. मी धावत सुटले तोवर मालसुक त्याला पाठंगुळीला घेऊन टेकडी उतरत होती. भातगिरणीचा ट्रक उभा होता. ती चढली आणि ड्रायव्हरवर ओरडली, "चल रे, बघत काय बसलास!" बाकीची पोरं माझ्याजवळ राहिली आणि ट्रक धुरळा उडवत तालुक्याच्या हॉस्पिटलाकडे गेला.

गावात त्या वेळी होतं कोण? मी, ती पोरं, आणि कंबर धरली म्हणून घरी राहिलेली सांगजूकरीण आजी. यजमान भाताच्या सरकारी खरेदीला गेलेले. आजीला बातमी लागली तशी ती माझ्या अंगणात येऊन मातीतच बसली आणि ऊर बडवायला लागली. "मारलं गं माझ्या पोराला! थंडीत पळवून पळवून मारलं त्या वांझोटीनं!"

मी म्हटलं, "आजी, तोंड आवरा." माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं.

फोन वाजला तेव्हा मी पोरांना उकडलेली रताळी वाटत होते. पलीकडे मालसुक. तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

"सरपंचीणबाई, नीट ऐका. झटके थांबत नाहीत. नेहमीचं इंजेक्शन दिलं, तरी येतात. डॉक्टर म्हणतात दोनच गोष्टी असू शकतात. एक तर मेंदूज्वर, मग आत्ताच्या आत्ता देगूच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं. नाहीतर गिंको."

"गिंको? कसलं गिंको?"

"गिंकोच्या बिया हो! भाजलेल्या. तो ओकला त्यात हिरवट तुकडे होते. डॉक्टर म्हणतात लहान पोरानं जास्त खाल्ल्या तर असेच झटके येतात. त्याचं वेगळं इंजेक्शन आहे, पण ते इथं नाही, आंदोंगहून मागवावं लागेल. तेवढा वेळ इथं थांबायचं. आणि तो मेंदूज्वर असला तर तेवढ्या वेळात पोरगा हातचा जाईल. देगूला न्यायला निघालो आणि गिंको निघाला, तर वाटेतच जाईल. त्यांना एवढंच हवंय, किती खाल्ल्या? दोन-चार खाल्ल्या असतील तर गिंको नाही. विचारा सगळ्यांना. लवकर विचारा!"

गिंकोच्या बिया आमच्याकडे खोकल्यावर, दम्यावर आणि मुख्य म्हणजे रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांवर औषध. सभागृहापुढं दोन झाडं आहेत. फळं सडून पडतात तेव्हा नाक धरून चालावं लागतं, पण आतली बी भाजली की हिरवीगार, चिवट, गोडसर. पोरांना फार द्यायच्या नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. कुणीच फार देत नाही.

मी आजीकडे वळले. "आजी, ग्यूचोलला गिंको दिलेत का?"

"दिले. दोन-चार. औषध आहे ते. माझ्या आजीनं मला दिलं, मी माझ्या पोराला दिलं. कुणी मेलं का?"

गावाला सूचना द्यायच्या भोंग्याचं यंत्र आमच्या बाहेरच्या खोलीत होतं. त्याला बाईमाणसानं हात लावायचा नाही असा आमच्या ह्यांचा दंडक, कारण एकदा माझ्या जावेनं त्याच्यावर कोंबडी हरवल्याचं सांगितलं होतं. मी दंडक गेला खड्ड्यात म्हटलं आणि खटका दाबला.

"मी सरपंचाच्या घरून बोलतेय. सांगजूकरीण आजींच्या ग्यूचोलची तब्येत फार वाईट आहे. आज-काल-परवा ज्यांनी त्याला मीठ वाढताना गिंको दिले असतील त्यांनी आत्ताच्या आत्ता आमच्या घरी या. विळा टाका आणि या!"

आल्या. चिखलाच्या पायांनी धावत आल्या. सुनरे, कुमओक, भातगिरणीवाल्याची बायको. आळीतल्या ह्याच तिघींची दारं त्या पोरानं सूप घालून ठोठावली होती. त्या फाटकातून आत शिरल्या आणि समोर सांगजूकरीण आजी मातीत बसून ओरडत होती, "ज्या कुणामुळं माझ्या नातवाला झालंय, तिचं घर बसेल, तिच्या पोरांना पाणी पाजायला कुणी उरणार नाही!"

असं ऐकल्यावर कोण तोंड उघडतंय?

"सुनरे, किती दिल्यास?"

"मी? एक-दोन असतील."

"कुमओक?"

"नाही आठवत बाई. दोन. फार तर तीन."

गिरणीवालीनं तर मान खालीच घातली. "मी नुसतं मीठच दिलं."

कुणीच नजर वर करत नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी मला तिघींच्या मुस्काटात मारावंसं वाटलं. पण मारून आकडा थोडाच मिळतो.

पुन्हा फोन. "काय झालं?"

"सगळ्याजणी दोन-तीन म्हणतात गं. एकीनं तर दिलेच नाहीत म्हणे."

पलीकडून कुणीतरी पुरुष काहीतरी म्हणाला. मालसुक त्याला म्हणाली, "एक मिनिट द्या, डॉक्टर, हात जोडते." मग मला म्हणाली, "ते देगूच्या गाडीला सांगताहेत. आत्ता परत झटका आला त्याला. सरपंचीणबाई, आजी तिथं आहेत?"

"आहेत. शिव्याशाप देताहेत."

मला तिच्या श्वासाचा आवाज येत होता. मग म्हणाली, "भोंगा चालू करा. फोन माईकला लावा."

"काय?"

"फोन माईकजवळ धरा म्हणते ना!"

मी धरला. दोन्ही हातांनी. फोन माईकवर घासून आधी नुसती खरखर झाली. मग मालसुकचा आवाज गावभर गेला, शेतांवर गेला. भात कापणारे गडी उभे राहिले असं नंतर लोक सांगत.

"मी मालसुक बोलतेय. हॉस्पिटलातून. ग्यूचोलला मी गिंको दिलेत. सकाळी सभागृहात आल्यावर मी भाजून दिले, वाडगाभर. त्याला आवडले म्हणून देत गेले. हे मी डॉक्टरांना सांगितलंय, त्याच्या आईबापांनाही मीच सांगणार. जे काय व्हायचं ते माझं होईल. तुमच्यापैकी कुणाचं नाव यात येणार नाही. पण माझ्या वाडग्याच्या आधी तुम्ही त्याच्या खिशात किती घातल्या तेवढं खरं सांगा. कमी सांगू नका. तुमच्या पाया पडते, कमी सांगू नका."

ती धादांत खोटं बोलत होती. मालसुकला गिंको सहन व्हायचा नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं फळं धुतली तर दोन्ही हात सुजून रताळ्यासारखे झाले होते, कातडी सोलून निघाली होती. तेव्हापासून तिच्या घरात गिंको येत नव्हता. हे अंगणातल्या प्रत्येकीला माहीत होतं.

आणि डॉक्टरला ती खोटं सांगणार नव्हती, हेही मला कळलं. तिथं खोटं सांगून चालणारच नव्हतं. मेंदूज्वर असता तर त्या खोट्यानं पोरगा मेला असता. तिला खरा आकडा हवा होता, आणि तो आमच्या तोंडून काढायला तिनं स्वतःचं तोंड काळं केलं होतं, सगळ्या गावासमोर, भोंग्यावर.

"मूठभर दिले मी," सुनरे म्हणाली. "खिशात घातले. काल पण दिले."

"मीपण मूठभर," कुमओक रडत म्हणाली. "गोड पोरगं आहे, हात पुढं करतं, द्यावेसे वाटतात."

गिरणीवाली खाली बघून पायाचा चिखल खरवडत होती. मी फोन हातात धरूनच ओरडले, "अगं बोल ना! माणूस आहेस का दगड?"

"माझ्याकडे भाजलेल्यांचं भांडं होतं. मी मीठ आणायला आत गेले. बाहेर आले तर भांड्यात निम्मेच उरले होते. मला वाटलं, खाऊ दे."

हे सगळं फोनमधून पलीकडे जात होतं, भोंग्यातून गावभर जात होतं. मी खटका बंद करायचंच विसरले होते. मालसुक एकेक ऐकून डॉक्टरला सांगत होती. मला त्याचं बोलणं ऐकू आलं: "आजच्या दोन मुठी आणि वर निम्मं भांडं. तीन वर्षांच्या पोराला हे जास्तच आहे. पण सकाळी खाऊन इतक्या लवकर एवढे झटके... आधी काही खाल्लं होतं का? रात्री?"

अंगणात सगळ्यांच्या माना आपोआप एकीकडे वळल्या.

सांगजूकरीण आजी उठली. कंबर धरून, भिंतीला हात लावत ती माझ्या खोलीत आली. तिच्या तोंडावर माती होती. तिनं माझ्या हातातून फोन घेतला नाही, नुसती त्याच्यावर वाकली.

"ती खोटं बोलते," आजी म्हणाली. "तिच्या घरात कुठून येणार गिंको? मी दिले. तीन दिवस झाले. रात्री निजताना वाडगाभर, पहाटे उठल्यावर पुन्हा. अंथरूण ओलं करतो म्हणून. थांबेना म्हणून काल रात्री जास्त दिले. सोलून दिले मी. एकेक सोलून त्याच्या तोंडात घातला."



पलीकडे डॉक्टर ओरडला, "देगूची गाडी नको. आंदोंगला फोन लावा, इंजेक्शन मागवा." मग धावण्याचे आवाज. मग काहीच नाही. मालसुकनं फोन तसाच टाकला होता.

संध्याकाळपर्यंत कुणी शेतावर गेलं नाही. बायका माझ्या अंगणात बसून राहिल्या, गडीमाणसं फाटकाबाहेर उभी. माझे यजमान खरेदीहून आले, यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा काहीही न बोलता ओटीवर बसले. मी भाताची पेज केली. कुणी घेतली नाही. प्रत्येक वेळी ट्रकचा आवाज आला की सगळ्या उठायच्या आणि पुन्हा बसायच्या. त्या दिवसाएवढी लांब संध्याकाळ मी पुन्हा बघितली नाही, आणि देवानं दाखवूही नये.

फोन वाजला तेव्हा माझ्यानं उचलवेना. ह्यांनी उचलला. ऐकलं, आणि नुसती मान हलवली. इंजेक्शन आलं होतं. दिल्यावर झटके थांबले होते. पोरगा झोपला होता. अंगणात मोठमोठ्यानं रडं फुटलं. कुणाचं कुणाला ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मालसुक एकटी गावात आली. ग्यूचोलची आई रात्रीतच उल्सानहून हॉस्पिटलात पोचली होती. मालसुकच्या कपड्यांवर ओकारीचे डाग होते, केस विस्कटलेले. थांब्यावर आम्ही सगळ्याजणी उभ्या होतो. काय बोलायचं ते घरून ठरवून आलो होतो. पण सुनरेनं नुसता वाकून नमस्कार केला. मालसुक म्हणाली, "पोरं कुठायत? सभागृहाचं दार अजून बंद कसं?" आणि सरळ पुढं गेली.

ती गेली सांगजूकरीण आजीच्या घरी. मी मागोमाग. आजी खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. कालपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

"आजी, उठा," मालसुक दारातूनच म्हणाली. "ग्यूचोल जागा झालाय. आईला ओळखेना, मला जवळ येऊ देत नाही. 'आजी कुठाय, आजी कुठाय' लावलंय."

आजी भिंतीलाच म्हणाली, "कुठल्या तोंडानं जाऊ गं मी?"

मालसुक काही तरी कडक बोलेल असं मला वाटलं. तिचा हक्क होता. पण तिनं आजीच्या खुंटीवरचं गरम जाकीट काढलं, आत गेली, म्हातारीला बसती केली आणि एकेक हात बाहीत घातला, पोरांना घालते तसा. आजीनं तिचं मनगट धरलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बस सुटेल," मालसुक म्हणाली. "थांब्यापर्यंत चालायचंय आपल्याला." मग खाली वाकून तिनं आजीचे रबरी बूट उंबऱ्याजवळ नीट बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवले. आणि सांगजूकरीण आजी तिच्या खांद्यावर हात टेकून उठली.